पाळीचा हिशेब : शहापूर-मुरबाडच्या रुग्णालयांतील परिचारिका आणि त्यांच्या कामाचे मोजमाप

रुग्णालयातील परिचारिकांच्या ‘कामाचे वातावरण’ असे म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वॉर्डातील पंखे, भिंतींचा रंग किंवा फार तर वरिष्ठांचा स्वभाव येतो. आरोग्यसेवेच्या अभ्यासात मात्र या संज्ञेला बराच नेमका अर्थ आहे. परिचारिकेला प्रशिक्षणात जे काम शिकवले गेले ते शिकवल्याप्रमाणे पार पाडता यावे म्हणून रुग्णालयाने तिच्याभोवती जी व्यवस्था उभी केलेली असते, तिला कामाचे वातावरण म्हणतात. पाळीत तिच्यासोबत किती जणी आहेत, हातमोज्यांपासून ऑक्सिजनपर्यंतचे साहित्य वेळेवर मिळते का, रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचे तिने सांगितल्यावर डॉक्टर ते मनावर घेतात का, चूक घडल्यास वरिष्ठ आधी ऐकून घेतात की आधी मेमो काढतात, आणि ज्या निर्णयांचा भार तिच्यावर पडतो ते घेताना तिला विचारले जाते का, हे सारे त्यात येते. ते मोजता येते, त्याचा रुग्णांच्या जगण्या-मरण्याशी असलेला संबंध आकड्यांत मांडता येतो आणि ते सुधारताही येते, हे गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. यातील बरेचसे संशोधन मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत झालेले असल्याने त्याची मोजपट्टी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत जशीच्या तशी लावली, तर येथील परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग मोजमापाबाहेर राहतो. आणि जे मोजलेच गेले नाही त्यासाठी पदे मागता येत नाहीत, निधीही मागता येत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जो ग्रामीण आणि आदिवासी मुलूख उरला, त्याचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत आहे. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली; मुंबई-नाशिक महामार्ग, मध्य रेल्वेचा कसारा मार्ग आणि आता समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची मुख्य वाट. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत, आणि भात निघाल्यावर त्यांतली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. शासकीय आरोग्यसेवेच्या उतरंडीत उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या वर खर्डी, मुरबाड आणि टोकावडे येथील ग्रामीण रुग्णालये व शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय येते. तेथे जे झेपत नाही ते ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवले जाते. प्रत्यक्ष रुग्णसेवा करणारी ती अधिपरिचारिका, वॉर्डाची जबाबदारी सांभाळणारी ती परिसेविका म्हणजेच ‘इनचार्ज सिस्टर’, आणि सर्वांवर अधिसेविका म्हणजे मेट्रन, अशी सरकारी हुद्द्यांची रचना असली तरी रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या तोंडी सगळ्याच ‘सिस्टर’ असतात.

परिचर्येत मोजमापाची परंपरा तिच्या आरंभापासूनच आहे. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा रुग्णालयांतील अस्वच्छतेने आणि रोगांनी अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये वर्तुळाकार आलेखांतून मांडले होते. परिचारिकेच्या स्वतःच्या परिस्थितीचे मोजमाप मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षांनी सुरू झाले. अमेरिकेत १९८० च्या सुमारास परिचारिकांची मोठी टंचाई असताना काही रुग्णालये त्यांना टिकवून ठेवत होती. तेथे वेगळे काय आहे याचा शोध अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने घेतला आणि १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोहचुंबकासारखी परिचारिकांना ओढून धरणारी म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालये हे नाव पडले. त्या निष्कर्षांवरून पुढे प्रश्नावल्या तयार झाल्या, आणि त्यांतूनच आयलीन लेक यांनी २००२ मध्ये ३१ विधानांची एक मोजपट्टी बांधली. आज जगात सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी हीच. रुग्णालयाच्या कारभारात परिचारिकांचा सहभाग, चांगल्या शुश्रूषेचा पाया म्हणजे प्रशिक्षण व गुणवत्तेची व्यवस्था, वरिष्ठ परिचारिकेचे नेतृत्व आणि पाठबळ, मनुष्यबळ व साधनांची पुरेशी उपलब्धता, आणि डॉक्टरांशी असलेले सहकार्याचे नाते, असे तिचे पाच विभाग आहेत. प्रत्येक विधानाशी परिचारिका किती सहमत आहे ते १ ते ४ या अंकांत नोंदवले जाते. विभागाची सरासरी २.५ च्या वर गेली तर त्या बाबतीत वातावरण अनुकूल मानतात, आणि चार किंवा पाचही विभागांत ती वर असेल तर रुग्णालय एकंदर अनुकूल ठरते.

या आकड्यांना वजन आले ते त्यांची सांगड रुग्णांच्या आकड्यांशी घातली गेल्यावर. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तेव्हा एका परिचारिकेकडे सोपवलेला प्रत्येक जादा रुग्ण हा शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याच्या शक्यतेतील ७ टक्के वाढीशी, आणि परिचारिका भावनिकदृष्ट्या पार थकून जाण्याच्या शक्यतेतील २३ टक्के वाढीशी निगडित असल्याचे आढळले. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत मृत्यूबाबत तसाच कल दिसला. परिचारिकांच्या मागण्या हा त्यांच्या सोयीचा प्रश्न आहे, असा जो समज आपल्याकडे रुजलेला आहे, त्याला हे उत्तर पुरेसे आहे. कॅलिफोर्नियाने एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचा कायदा १९९९ मध्ये केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. भारतात भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे असून, रजांची भरपाई म्हणून ३० टक्के जादा पदे त्यात धरलेली आहेत. पण ही शिफारस आहे, ती मोडल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही.

हे प्रमाणही तालुक्याच्या रुग्णालयात फसवे ठरते, कारण ते खाटा मोजते, काम मोजत नाही. आषाढात भातलावणी चालू असतानाची एखादी रात्र घेतली तर हे स्पष्ट होते. प्रसूतिकक्षात दोन स्त्रिया कळा देत आहेत, आणि बांधावर घोणस चावलेला एक शेतमजूर अपघात विभागात आणला गेला आहे. कागदावर हे तीन रुग्ण, म्हणजे एका परिचारिकेसाठी प्रमाणाच्या आतले. परंतु कळा देणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या पोटातील बाळाचे ठोके आणि कळांची संख्या दर अर्ध्या तासाने मोजून पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर, टिपायची असते. सर्पदंशाच्या रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून ते गोठले की नाही हे पाहायचे असते. गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे असे समजून डॉक्टर प्रतिविष सुरू करायला सांगतात. पहिली मात्रा सहसा दहा कुप्यांची असते. भुकटीच्या रूपातील प्रतिविषाच्या प्रत्येक कुपीत द्रव सोडून ती न हिंदकळता हळूहळू फिरवत विरघळवावी लागते, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवावे लागते आणि सलाइन चालू झाल्यावर रुग्णाला खाज, थंडी किंवा श्वासाचा त्रास होतो का, याकडे त्याच्याजवळ थांबून लक्ष ठेवावे लागते. नेमक्या त्या वेळी पलीकडची स्त्री प्रसूत झाली, तर बाळ जन्मल्यावर एका मिनिटात आईला ऑक्सिटोसिन द्यायचे, बाळ पुसून उबेत ठेवायचे, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी तिचा रक्तस्राव व रक्तदाब पाहायचा. तीन खाटांवरचे हे काम एका माणसाच्या दोन हातांत मावत नाही. आणि त्या रात्री जे राहून जाते ते सकाळी पार्टोग्राफवर रिकाम्या चौकटींच्या रूपाने दिसते, ज्याबद्दल खुलासाही परिचारिकेलाच द्यावा लागतो.

म्हणूनच ग्रामीण रुग्णालयासाठी दुसरे एक साधन अधिक उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मांडलेली आणि २०१० मध्ये सुधारलेली ‘कार्यभारावरून मनुष्यबळाची गरज’ ठरवण्याची ही पद्धत खाटांऐवजी कामांपासून सुरुवात करते. वर्षभरात कोणते काम किती वेळा झाले, ते नीट करायला किती वेळ लागतो आणि रजा, सुट्ट्या, प्रशिक्षण वजा जाता एका परिचारिकेकडे वर्षाला प्रत्यक्षात किती तास उरतात, या तीन गोष्टींवरून आवश्यक संख्या निघते. असलेल्या संख्येला आवश्यक संख्येने भागून आलेला आकडा १ पेक्षा जितका कमी, तितका ताण जास्त.

ही आकडेमोड अवघड नाही. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार २०१२ मध्ये ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी दहा परिचारिका ठरवण्यात आल्या. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय साधारण याच पातळीवरचे. वर्षाच्या ३६५ दिवसांत सकाळ, दुपार आणि रात्र मिळून १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या, किरकोळ व अर्जित रजा आणि सणवार वजा केले की एक परिचारिका वर्षात सुमारे २५० दिवस कामावर उभी राहू शकते, म्हणजे दहा जणींच्या मिळून २,५०० हजेऱ्या होतात आणि प्रत्येक पाळीला सरासरी सव्वादोन परिचारिका मिळतात. त्यातली एक प्रसूतिकक्षात गेली की आंतररुग्ण वॉर्ड, अपघात विभाग आणि गरजेला शस्त्रक्रियागृह मिळून एकीवर येते. दहापैकी तीन पदे रिकामी असतील तर हजेऱ्या १,७५० वर येतात. प्रत्येक पाळीला किमान एक जण ठेवायची म्हटले तर दुसरी परिचारिका केवळ ६५५ पाळ्यांना मिळते, आणि उरलेल्या ४४० पाळ्यांत संपूर्ण रुग्णालयात एकच परिचारिका असते. यात रात्रपाळीनंतरची सुट्टी धरलेली नाही, १८० दिवसांची प्रसूतिरजा धरलेली नाही आणि कुटुंबनियोजनाच्या शिबिरासाठी किंवा दुसऱ्या रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर पाठवलेली परिचारिकाही वजा केलेली नाही. हा हिशेब उदाहरणादाखल असला तरी कोणत्याही रुग्णालयाच्या हजेरीपटावरून आणि ड्युटीच्या तक्त्यावरून खरा आकडा एका दुपारी काढता येईल.

या मुद्द्यावर अधिक थांबायला हवे, कारण मोजमापाचा अर्धा ऐवज रुग्णालयाच्या दप्तरात आधीच पडलेला आहे. प्रसूतीची नोंदवही, आंतररुग्णांची नोंदवही, औषधसाठा, रेफर केलेल्या रुग्णांची वही, संगणकावरच्या निरनिराळ्या नोंदी, हे सगळे परिचारिकाच भरतात. आणि ते आजवर रुग्णांच्या किंवा उद्दिष्टांच्या बाजूने वाचले गेले आहे. तेच दप्तर परिचारिकेच्या बाजूने वाचले, म्हणजे कोणत्या पाळीत किती प्रसूती झाल्या आणि तेव्हा कामावर किती जणी होत्या हे शेजारी शेजारी मांडले, तर नव्या सर्वेक्षणाची वाट पाहावी लागत नाही. वर्षाच्या सरासरीत येथील कामाचा चढउतारही दिसत नाही. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे गर्डर उभारण्याचे अवजड यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले आणि मृतदेह शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणण्यात आले. महामार्गावरच्या रुग्णालयाला अशी रात्र केव्हा येईल हे ठाऊक नसते, म्हणून तेथील मनुष्यबळ सरासरी दिवसावर बेतणे चुकीचे आहे.

अमेरिकी मोजपट्टीत ज्याला जागाच नाही असा एक घटक येथे सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे अंतर. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीत घालून आणलेली गरोदर स्त्री रुग्णालयात पोहोचते तेव्हा तिच्या दुखण्याचे कित्येक तास वाटेत गेलेले असतात, आणि परिचारिकेला सुरुवातच मागे पडलेल्या वेळेतून करावी लागते. पुढे पाठवायचे ठरले तरी अंतर संपत नाही. राज्यात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पण १०८ दुसऱ्या फेरीवर असेल आणि दुसरी गाडी करावी लागली, तर अत्यवस्थ बाळंतिणीसोबत कोणीतरी जाणे भाग असते, आणि ते कोणीतरी बहुधा परिचारिका असते. ती गाडीत बसली की रुग्णालयात एक हजेरी कमी होते, मात्र ड्युटीच्या तक्त्यावर ती कामावरच दिसते. कल्याण-भिवंडीकडची वाहनांची कोंडी धरता हा फेरा अर्धी पाळी सहज खातो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा त्यांतील अनेक जण अत्यवस्थ अवस्थेत उशिरा दाखल झाल्याचे प्रशासनाने सांगितले होते. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचण्याआधीचे असे तास ग्रामीण रुग्ण तालुक्याच्या रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत काढतो, आणि त्या तासांत त्याच्याजवळ बव्हंशी परिचारिकाच असते. परिचारिकेचे स्वतःचे अंतरही वेगळे मोजायला हवे. रुग्णालयाच्या आवारात राहण्याजोगी निवासस्थाने नसली की ती कल्याण किंवा ठाण्याहून ये-जा करते, आसनगावला लोकलने उतरते किंवा मुरबाडची एसटी पकडते. दुपारची पाळी रात्री संपल्यावर शेवटची गाडी गाठण्याची धास्ती हाही तिच्या कामाच्या वातावरणाचाच भाग आहे.

दप्तरातून जे कळत नाही ते विचारावे लागते, आणि येथे विचारणे हेच नाजूक काम आहे. दहा परिचारिकांच्या रुग्णालयात निनावी प्रश्नावली निनावी राहत नाही, कारण वय, अनुभवाची वर्षे आणि हुद्दा एवढे वाचले तरी उत्तर कोणाचे ते कळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील परिचारिकांची नेमणूक ११ महिन्यांच्या कराराची असते, आणि पुढच्या नेमणुकीचा कागद ज्यांच्या शेऱ्यावर अवलंबून आहे त्यांच्याविषयी त्या मोकळेपणाने लिहितील अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी समोर बसवून विचारले तर ‘सगळे ठीक आहे’ हेच उत्तर मिळणार. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतील रुग्णालयांची उत्तरे एकत्र करावीत, ती रुग्णालयाबाहेरच्या परिचर्या महाविद्यालयाने गोळा करावीत आणि रुग्णालयवार निकाल वेगळा जाहीर करू नये, एवढी पथ्ये पाळलीच पाहिजेत. प्रश्नांची भाषा हाही मोठा विषय आहे. इंग्रजी विधाने मराठीत आणून, दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडून पाहण्याची रीत रूढ आहे आणि ती आवश्यकही आहे, परंतु ‘रुग्णालयाच्या धोरणात तुमचा सहभाग आहे का’ या प्रश्नाला येथे फारसा अर्थ लागत नाही. ड्युटीचा तक्ता किती दिवस आधी कळतो, मागितलेली सुट्टी मिळाली का, मागणीपत्रात लिहिलेले साहित्य किती दिवसांनी आले, पाळीत पाणी पिण्यास आणि स्वच्छतागृहात जाण्यास वेळ मिळतो का, असे विचारले तर उत्तर नेमके येते.

सुरक्षितता हा असाच एक विभाग या मोजपट्टीला जोडावा लागेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला तो त्या रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि ती निष्ठा महाराष्ट्राने योग्यच गौरवली. पण कपडे बदलण्यासाठी कडी लागणारी, उजेडाची, वॉर्डाजवळची खोली प्रत्येक रुग्णालयात आहे का, ही साधी मोजणी त्या गौरवाइतक्याच तळमळीने व्हायला हवी होती. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांसाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, तो परिचारिकांनाही लागू होतो आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रात्री दोन वाजता रुग्ण दगावल्यावर जमलेल्या नातेवाइकांचा राग ज्या व्यक्तीवर प्रथम येतो ती बहुतेक वेळा एकटी उभी असलेली परिचारिकाच असते, तेव्हा दारावर पहारेकरी आहे की नाही यावर सारे ठरते, आणि तो असणे-नसणे मोजायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

सुधारणा म्हटली की पदभरतीचा विषय निघतो आणि तेथेच चर्चा अडते. पदे भरणे अटळ आहे. बाह्यस्रोतांमार्फत भरतीच्या विरोधात राज्यातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला त्यामागे हीच काळजी होती, की कायम पदांच्या जागी तात्पुरती माणसे आली तर हुद्दा राहील पण अनुभव साचणार नाही. परिचर्येच्या प्रश्नांवर केंद्र सरकारने नेमलेल्या, सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्येच सेवाशर्ती आणि कामाची परिस्थिती यांचा ऊहापोह केला होता. तथापि पदांची वाट पाहताना तालुक्याच्या पातळीवर करता येण्यासारखे बरेच आहे. महिन्याचा ड्युटी तक्ता आठ दिवस आधी लावणे, रात्री एकटी असणाऱ्या परिचारिकेसाठी बोलावल्यावर येणारी दुसरी परिचारिका नेमून तिला त्याची भरपाई रजा देणे, लावणीच्या हंगामात शिबिरे आणि प्रतिनियुक्त्या थांबवणे, सकाळची फेरी डॉक्टर आणि इनचार्ज सिस्टर यांनी मिळून घेणे, नोंदींचे काम लिपिकाकडे किंवा संगणक चालकाकडे सोपवणे, यांतल्या बहुतेक गोष्टी वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने होऊ शकतात. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या तपासणीत कर्मचाऱ्यांच्या समाधानाची नोंद घेण्याची तरतूद आहेच. ती औपचारिक अर्जापुरती न ठेवता वर सांगितलेल्या प्रश्नांनी भरली, तर तपासणीच्या निमित्ताने दरवर्षी हे मोजमाप होत राहील. खासगी लहान रुग्णालयांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तेथे दप्तरच तुटपुंजे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती, पण तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे.

या सगळ्याची सुरुवात रेफर केलेल्या रुग्णांच्या वहीपासून करता येईल. रुग्णाचे नाव, निदान, कोठे पाठवले आणि कधी पाठवले हे त्या वहीत लिहिले जातेच. त्यापुढे पट्टीने आणखी तीन रकाने आखायचे : सोबत कोण गेले, त्या किती वाजता परतल्या, आणि तोवर वॉर्डात किती परिचारिका होत्या. शहापूर, खर्डी, मुरबाड आणि टोकावडे येथे हे तीन रकाने एका पावसाळ्यापुरते, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, नियमाने भरले गेले, तर ऑक्टोबरात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर जाणाऱ्या पदांच्या मागणीसोबत जोडायला पहिला खरा कागद तयार असेल.